चारांत एक

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली असेल तर ते गुण कापत, असं त्यांचे विद्यार्थी अजूनही सांगतात. म्हणून मी आज वैद्यकातला असा विषय निवडला आहे, ज्याचं उत्तर बऱ्याच जणांना पाठ आहे आणि रीत फार थोड्यांना ठाऊक आहे. आई-वडिलांकडून मुलात काय उतरेल, याचं भाकीत कसं करतात, हा तो विषय. उत्तर आहे ‘चारांत एक’.

माझं काम रक्ततपासणीचं. विदर्भात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. नवरा-बायको दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक असतात, म्हणजे स्वतः निरोगी, पण आजार पुढे देऊ शकणारे. पहिलं मूल आजारी, तपासणीच्या भाषेत ‘एसएस’, असतं आणि बाईला पुन्हा दिवस गेलेले असतात. नवरा विचारतो, “सर, पयलं पोरगं एसएस निघालं. चारात एक म्हणता ना तुमी? मंग आता पुढचे तीन तर चांगले होतीन ना?” त्याचं गणित त्याच्या परीने चोख आहे. चारांतला एक होऊन गेला, उरले तीन. त्याला ‘नाही’ एवढंच सांगायला अर्धं मिनिट लागतं. का नाही, हे त्याला पटेल असं सांगायला मात्र बसावं लागतं, आणि बसायला सरकारी दवाखान्याच्या रांगेत वेळ नसतो. आज आपल्याकडे तासभर आहे.

सुरुवात वाटाण्यापासूनच करावी लागेल. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची हजारो रोपं वाढवली. त्याने सात लक्षणं निवडली होती. आपण एकच घेऊ: दाणा गोल आहे की सुरकुतलेला. गोल आणि सुरकुतलेल्या जातींचा संकर केला तेव्हा सगळे दाणे गोल आले. हे संकरित दाणे पेरून त्यांच्या रोपांचं आपसात फलन होऊ दिलं, तर पुढच्या पिढीत ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. जवळजवळ तीनास एक.

शाळेचं पुस्तक इथे थांबतं. मला मेंडेलची खरी थोरवी त्याच्या पुढच्या पायरीत दिसते. त्याने ते गोल दाणे पुन्हा पेरले. दिसायला सगळे एकसारखे, मुठीत घेतले तर वेगळे काढता येऊ नयेत असे. त्यांपासून वाढलेल्या ५६५ रोपांपैकी १९३ रोपांना फक्त गोल दाणे आले, आणि ३७२ रोपांना गोल व सुरकुतलेले असे दोन्ही आले. म्हणजे गोल दिसणाऱ्यांपैकी एक तृतीयांश आतून-बाहेरून गोल होते, तर दोन तृतीयांशांच्या पोटात सुरकुती दडलेली होती. तीनास एक या प्रमाणाच्या आत १ : २ : १ हे खरं प्रमाण होतं. हे दोन तृतीयांश कृपा करून लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ते एका मुलीच्या लग्नाच्या बैठकीत लागणार आहेत.

मेंडेलने यावरून जे ओळखलं ते आजही टिकून आहे. प्रत्येक लक्षणासाठी सजीवाजवळ, आजच्या भाषेत, जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. पुढच्या पिढीला देताना त्यातली एकच दिली जाते, आणि कोणती, हे निव्वळ योगायोगावर ठरतं. जनुकाच्या अशा पर्यायी रूपांना आपण अलील म्हणतो. एक प्रत असली तरी जे दिसतं ते प्रभावी, आणि दोन्ही प्रती तशाच असल्याशिवाय जे दिसत नाही ते अप्रभावी. मेंडेलने हे १८६५च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ब्रनोच्या निसर्ग-अभ्यास मंडळात वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी ते छापून आलं, आणि १९०० सालापर्यंत कुणी त्याची नीट दखल घेतली नाही.

प्रभावी जनुक दुसऱ्याला दाबून टाकतं, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आहे. तसं काही घडत नाही. सुरकुतलेल्या वाटाण्याचं रहस्य १९९० साली इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इनस संस्थेत उलगडलं. पिष्ट म्हणजे स्टार्च बनवणाऱ्या एका विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे ते विकर तयार होत नाही. दाण्यात पिष्ट कमी बनतं, साखर जास्त उरते, साखर पाणी ओढते, दाणा फुगतो, आणि वाळताना त्याची साल चुरगळते. संकरित दाण्यात एक प्रत बिघडलेली असते, एक चांगली. त्या एका चांगल्या प्रतीतून दाणा गोल राहण्यापुरतं विकर मिळतं, एवढंच. बिघडलेली प्रत कुणी दाबलेली नसते. ती शांतपणे पुढच्या पिढीत जायला मोकळी असते. डार्बिशायर या इंग्रज अभ्यासकाने १९०८ साली असे संकरित दाणे फोडून त्यांतले पिष्टकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते ना गोल दाण्यासारखे होते ना सुरकुतलेल्यासारखे, मधलेच होते. तळहातावर पाहिलं तर गोलपणा प्रभावी, भिंगाखाली पाहिलं तर दोन्ही अलीलांची खूण हजर.

आता माणसाकडे येऊ.

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलच्या अलीलमुळे तिथे व्हॅलिन येतं. एवढाच फरक, आणि तो व्हर्नन इनग्राम यांनी १९५७ साली नेमका दाखवला. ऑक्सिजन कमी झाला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार करतं, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग सांधे ठणकतात, लहान मुलांचे हातपाय सुजतात, प्लीहा वाढते, रक्त कमी पडत राहतं. ज्याने हे दुखणं घरात पाहिलं आहे त्याला मी वर्णन करून सांगायला नको.

शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० साली या विळ्यासारख्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. हा आजार आनुवंशिक असतो हे कळलं, पण कसा, यावर बराच घोळ होता. कुणी म्हणे एका प्रतीनेही आजार होतो, कधी सौम्य, कधी तीव्र. १९४९ साली जेम्स नील यांनी रुग्णांच्या आई-वडिलांचं रक्त तपासलं. आई आणि बाप, दोघांच्याही रक्तातल्या पेशी ऑक्सिजन काढून घेतल्यावर वाकत होत्या, पण ते स्वतः आजारी नव्हते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं.

ही तपासणी आमच्या टेबलावर कशी दिसते ते सांगतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि हवा आत जाऊ नये म्हणून कडेने व्हॅसलिन. हे रसायन ऑक्सिजन शोषून घेतं. थोड्या वेळाने भिंगाखाली पाहावं, तर मघाशी बत्ताशासारख्या गोल दिसणाऱ्या पेशींना टोकं फुटलेली असतात. किंवा याहून सोपी, गावातल्या शिबिरात चालणारी विद्राव्यता चाचणी: नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, नळीमागे काळ्या रेघा ओढलेलं कार्ड. रेघा स्वच्छ दिसल्या तर चांगलं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. पण ही चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, दोघांच्याही नळ्या गढूळ होतात. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर निरोगी माणसाचा एक पट्टा पुढे जातो, रुग्णाचा मागे राहतो, आणि वाहकाचे दोन्ही पट्टे असतात, एक पुढे, एक मागे. यालाच आपल्याकडे सगळे ‘पॅटर्न’ म्हणतात. निरोगी माणसाचा एए पॅटर्न, वाहकाचा एएस पॅटर्न, रुग्णाचा एसएस पॅटर्न. मेंडेलला जे कळायला आणखी एक हंगाम पेरावं लागलं, ते या पट्टीवर त्याच दिवशी दिसतं.

आणि इथेही वाटाण्यासारखंच आहे. आजार पाहिला तर हा अलील अप्रभावी: एक प्रत असलेला माणूस रुग्ण नसतो, शेतात राबतो, मॅरेथॉन धावतो. पट्टीवर पाहिलं तर दोन्ही अलील सारखेच उमटलेले. मलेरिया पाहिला तर एकच प्रत पुरते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं की फाल्सिपॅरम जातीच्या जीवघेण्या मलेरियापासून वाहकांना बरंच संरक्षण मिळतं. गडचिरोलीच्या जंगलात हा मलेरिया आजही आहे. तिथल्या लोकांत हा अलील इतका का टिकला, याचं उत्तर त्यात आहे. ज्यांनी त्याला दोष म्हटलं त्यांच्या कित्येक पिढ्या मलेरियाच्या जंगलात राहिलेल्याच नव्हत्या.

भारतात हा अलील १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. मध्य भारतातली, म्हणजे आपल्या नागपूरच्या बाजूची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर पायपीट करून जे सर्वेक्षण केलं, त्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत हे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत भरलं. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचा हा पट्टा. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर अनेक समाजांतही तो आहे.

आता रीत.

नवरा एएस, बायको एएस. नवऱ्याकडून मुलाला ए मिळेल किंवा एस, शक्यता अर्धी अर्धी. बायकोकडूनही तसंच. दोन्हीकडून एस येण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे चारांत एक. दोन्हीकडून ए, तेही चारांत एक. एकीकडून ए आणि दुसरीकडून एस, हे दोन तऱ्हांनी होतं, म्हणून चारांत दोन. रेजिनाल्ड पनेट या केंब्रिजच्या प्राध्यापकाने हेच चार घरांच्या चौकटीत मांडलं आणि ती चौकट त्याच्या नावाने शाळाशाळांत गेली. चौकट उत्तम आहे, पण माझ्या मते घोटाळ्याचं मूळही तीच आहे. चार घरं पाहिली की माणसाला चार मुलं दिसतात. त्या घरांत मुलं नसतात. एकाच गर्भधारणेच्या चार शक्यता असतात, आणि प्रत्येक गर्भधारणेला पूर्ण चौकट पुन्हा नव्याने मांडावी लागते. नाणं उडवताना मागच्या वेळी छापा पडला म्हणून यावेळी काटा पडायची सक्ती नाण्यावर नसते, तसंच हे. त्या नवऱ्याला द्यायचं उत्तर असं: पहिलं मूल एसएस असो वा नसो, पोटातल्या बाळाची शक्यता चारांत एकच आहे. पहिल्या मुलाने तुमच्या वाट्याचा धोका संपवलेलाही नाही आणि वाढवलेलाही नाही.

हीच रीत पुढे नेली की एक गोष्ट दिसते, जी मला फार महत्त्वाची वाटते. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याला दोन मुलं झाली, तर दोघंही या आजारातून सुटण्याची शक्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे सोळांत नऊ. निम्म्याहून जास्त. आज बहुतेक घरांत दोनच मुलं असतात. म्हणजे अशा निम्म्याहून अधिक घरांत आजारी मूल जन्माला येत नाही आणि अलील मात्र नांदत राहतो. “आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता, मग हा आला कुठून?” असं लोक विचारतात. तो सात पिढ्या घरातच असू शकतो.

आता ती लग्नाची बैठक. घरात मोठा भाऊ एसएस. धाकटी बहीण धडधाकट, शिकलेली, स्थळ आलेलं. तिची तपासणी झालेली नाही. ती वाहक असण्याची शक्यता किती? पुष्कळ जण निम्मी म्हणतात. ते चुकीचं आहे. ती आजारी नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून चौकटीतलं एसएसचं घर पुसलं गेलं. उरली तीन घरं, त्यातली दोन वाहकाची. दोन तृतीयांश. मेंडेलच्या गोल दाण्यांची रोपं आठवा, ५६५ पैकी ३७२. ब्रनोच्या मठातलं गणित आणि या मुलीचं गणित एकच आहे. फरक इतकाच की मुलीला पेरून पाहायची गरज नाही, रक्ताचा एक थेंब पुरतो.

तो थेंब दिला आणि ती एएस निघाली, तर पुढे काय? इथे मी जे सांगायला आज उभा आहे ते सांगतो. आजारी मुलाचा धोका हा एका माणसाचा गुण नाही, तो जोडप्याचा आहे. एएस मुलीचं लग्न एए मुलाशी झालं तर एसएस मूल होण्याची शक्यता शून्य आहे. कमी नाही, शून्य. मुलं निम्मी वाहक असतील, बस्स. एकट्या वाहकाचा कागद पाहून आजारी मुलाचं भाकीत करता येत नाही. तरीही आपल्याकडे मुलीचा कागद आधी मागतात, मुलाचा मागतच नाहीत, आणि ती वाहक निघाली की स्थळ मोडतं. कधीकधी ज्याने स्थळ मोडलं त्याचाच पॅटर्न तपासलेला नसतो. आजारी मूल झालं की सासरी बाईला बोल लागतो, “हिच्या माहेराहून आलं.” एसएस मुलाच्या दोन प्रतींपैकी एक बापाने दिल्याशिवाय ते मूल एसएस होऊच शकत नाही. अर्धं बापाकडून, अर्धं आईकडून, यात कमीजास्त काही नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावं, असं मला मनापासून वाटतं.

जगात लग्नाआधीच्या तपासणीचे दोन धडे घेऊन झालेले आहेत. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस या गावात जवळपास पाव लोक सिकलसेलचे वाहक. तिथे संशोधकांनी सगळ्या गावाला तपासलं, ज्याचा त्याला निकाल सांगितला, आणि वाहकांनी वाहकांशी लग्न टाळावं असा सल्ला दिला. काही वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं तर आजारी मुलांच्या जन्मांत फरक पडलेला नव्हता. वाहकांवर शिक्का बसला होता, लग्न जमवताना लोक आपला निकाल लपवत होते, आणि वाहकांची वाहकांशी लग्नं योगायोगाने जितकी व्हायची तितकीच होत होती. सायप्रसमध्ये प्रश्न थॅलेसेमियाचा होता, तोही असाच अप्रभावी आजार. तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, पण त्यावर एवढंच असे की दोघांची तपासणी आणि समुपदेशन झालं आहे. निकाल काय, हे चर्चला कळत नसे आणि लग्न करावं की नाही हे जोडप्यावर सोपवलेलं होतं. दोघंही वाहक असलेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच. पुढे गर्भाची तपासणी करून त्यांनी आपले निर्णय घेतले. थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. सायप्रसने भाकीत ज्याचं त्याच्याजवळ ठेवलं, म्हणून लोकांना ते लपवावं लागलं नाही.

आपल्याकडे गर्भाची ही तपासणी कायद्याने बंद आहे, असा अनेकांचा समज आहे. गर्भलिंगनिदान बंद आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी मान्यताप्राप्त केंद्रात गर्भाची तपासणी करायला त्याच कायद्यात परवानगी आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश घेऊन ती करता येते. निर्णय आई-वडिलांचा. पण त्यासाठी आपण दोघं वाहक आहोत हे त्यांना आधी माहीत हवं. बाई पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात आली तर सल्ला देणाऱ्याच्या हातात फार थोडं उरतं.

१ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सतरा राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासलेल्याला त्याची जनुकीय स्थिती दाखवणारं कार्ड मिळतं. मी या मोहिमेच्या पूर्ण बाजूने आहे. पण निर्मूलन आजाराचं, अलीलचं नव्हे, हे गावोगाव स्पष्ट सांगायला हवं. त्याचंही गणित आहे. १९०८ साली पनेटला एका व्याख्यानानंतर विचारलं गेलं की प्रभावी लक्षण हळूहळू सगळीकडे पसरून अप्रभावी नाहीसं का होत नाही. त्याने तो प्रश्न आपला क्रिकेटमधला मित्र, गणिती जी. एच. हार्डी याच्याकडे नेला. पुढे रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारा तोच हार्डी. हार्डीने दाखवून दिलं की काहीच ढवळाढवळ झाली नाही तर प्रमाण पिढ्यानपिढ्या तसंच राहतं. जर्मनीत वाइनबर्ग यांनीही त्याच वर्षी हे मांडलं.

त्याच हिशेबाने एक गाव घ्या, जिथे पाचांत एक माणूस वाहक आहे. लग्नं पॅटर्न न पाहता झाली तर पंचविसांत एका लग्नात दोघंही वाहक निघतील आणि शंभर बाळंतपणांत सुमारे एक मूल एसएस असेल. आता एकाही एसएस रुग्णाला पुढे मूल झालं नाही असं धरलं, तरी त्या गावातलं अलीलचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दहा पिढ्या लागतात, म्हणजे अडीचशे वर्षं. अप्रभावी अलील बहुतांशी निरोगी वाहकांमध्ये राहतो, रुग्णांत त्याचा थोडाच भाग असतो. वाहकांना दूर सारून, त्यांची लग्नं अडवून हा प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. गावातल्या शंभर लग्नांपैकी प्रश्न फक्त चारांचा आहे. उरलेल्या शहाण्णवांना वाहकपणाची भीती बाळगण्याचं कारण नाही. आणि त्या चार जोडप्यांनाही माहिती हवी आहे, बंदी नको.

भाकिताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एसएस असणं सांगता येतं, ते मूल किती त्रास भोगेल हे सांगता येत नाही. ज्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्याचा त्रास कमी असतो, आणि भारतातल्या अनेक रुग्णांत ते टिकतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच प्रमाण वाढवतं. एकाच घरात दोन एसएस भावंडं, एक दर पावसाळ्यात भरती, दुसरं कॉलेजात कबड्डी खेळतंय, असं आम्ही पाहतो. म्हणून एसएसच्या कागदावर कुणाचं आयुष्य किती, हे लिहिलेलं नसतं, आणि कुणी डॉक्टरने ते वाचून दाखवू नये.

काही लक्षणांना तर ही रीत लागूच पडत नाही. शाळेच्या प्रयोगवहीत जीभ वळवता येणं, कानाची पाळी सुटी असणं, ही प्रभावी लक्षणं म्हणून मुलांकडून भरून घेतात. ही उदाहरणं आता काढून टाकावीत. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाची जीभ वळते, दुसऱ्याची नाही, हे पन्नासच्या दशकातच दिसलं होतं. एखादा मुलगा घरी जाऊन तक्ता जुळवतो, तो जुळत नाही, आणि घरात नको त्या शंका शिरतात.

अशी शंका रक्तगटावरूनही शिरते, आणि तिचं उत्तर मुंबईत सापडलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट जगासमोर मांडला, जो आज सगळीकडे बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. ए आणि बी ही द्रव्यं एच नावाच्या एका पायावर उभी राहतात. एच तयार करणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर पायाच नसतो. मग ए किंवा बीचं चांगलं जनुक अंगात असलं तरी ते दिसत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत माणूस ओ गटाचा भासतो. समजा आई अशी आहे, तिच्याजवळ बीचं जनुक दडलेलं आहे, आणि बाप ए गटाचा आहे. मूल एबी होऊ शकतं. पुस्तकातला तक्ता म्हणतो, ओ गटाच्या आईला एबी मूल होणं अशक्य. तक्त्यावर विसंबून कुणी बाळ बदललं म्हणेल, कुणी त्याहून वाईट बोलेल. एका जनुकाचं भाकीत दुसऱ्या जनुकाने अडवलं आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. रक्तपेढीत ते उलट तपासणीत, म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, सापडतं: या माणसाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी टाकल्या की त्यांच्या गुठळ्या होतात. खऱ्या ओ माणसाच्या बाबतीत असं सहसा होत नाही. म्हणून रिव्हर्स ग्रुपिंग टाळणारी रक्तपेढी धोकादायक आहे. या माणसाला ओ रक्त दिलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा. हार्डीच्या हिशेबाने याचे वाहक पन्नासांत एक, म्हणजे या सभागृहातही काही जण असणारच. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत लग्न झालं तर हाच आकडा दहा हजारांत एकावरून सुमारे दीड हजारांत एकावर येतो, कारण एकाच आजोबाची किंवा आजीची बिघडलेली प्रत दोन वाटांनी एकत्र येते. आणि असा रुग्ण सापडला, त्याला रक्त हवं असलं, तर आम्ही पहिल्यांदा कुणाला बोलावतो? त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींना. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा गट जुळण्याची शक्यता चारांत एक. अनोळखी दात्यांत शोधत बसलं तर दहा हजारांत एक. माझी या सभेत एवढीच विनंती आहे की ज्यांच्या घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला असेल, त्यांनी त्याच्या सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी आणि जो जुळेल त्याचं नाव व फोन नंबर जवळच्या रक्तपेढीत नोंदवून ठेवावा. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर हे शोधत बसू नये.